वादळापूर्वीचे घर : परभणी जिल्ह्यातील माळवदे, पत्रे आणि भाड्याच्या खोल्या

चैत्र-वैशाखाच्या उन्हाने परभणी जिल्ह्यातील काळी जमीन भेगाळते. पारा बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर जातो. सकाळभर आकाश निरभ्र असते. परंतु दुपारी तीन-चारच्या सुमारास क्षितिजावर पिंजलेल्या कापसाच्या ढिगांसारखे ढग चढू लागतात आणि दिवस मावळण्यापूर्वीच ते काळेभोर होतात. मग काही वेळ झाडाचे पानही हालत नाही. त्या स्तब्धतेनंतर धुळीचा लोट घेऊन जो वारा सुटतो, तो दहा-पंधरा मिनिटांत आपले काम करून जातो. पाऊस त्याच्या मागून येतो. कधी गारा येतात, कधी चार थेंबही पडत नाहीत. दुसऱ्या दिवशी गावात ज्या हकिकती ऐकू येतात, त्या पावसाच्या नसतात, पत्र्यांच्या असतात. कोणाचे पत्रे शेजारच्या शेतात जाऊन पडलेले असतात, कोणाचे विजेच्या तारांवर अडकलेले असतात, तर कोणाच्या डोक्यावर पत्र्यावरचा दगड आलेला असतो.

वादळ हा कोकणचा विषय आहे, अशी एक समजूत मराठवाड्यात रूढ आहे. ती अगदीच निराधार नाही. ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आलेले 'निसर्ग' चक्रीवादळ किंवा मे २०२१ मधील 'तौक्ते' यांचा तडाखा परभणीला बसला नाही. समुद्र येथून शेकडो किलोमीटर दूर आहे आणि मध्ये सह्याद्री उभा आहे. तथापि, घराचे छप्पर उडविण्यास चक्रीवादळच लागते असे नाही. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपर येथे अवाढव्य जाहिरातफलक पेट्रोल पंपावर कोसळून १७ जणांचा बळी गेला, त्या दिवशी अरबी समुद्रात कोणतेही चक्रीवादळ नव्हते. तो वळवाचाच वारा होता. परभणी, जिंतूर, सेलू या भागांत एप्रिलपासून मृगापर्यंत हाच वारा दरवर्षी अनेक वेळा येतो.

दुसरी बाजू बंगालच्या उपसागराची. २६ सप्टेंबर २०२१ रोजी 'गुलाब' हे चक्रीवादळ आंध्र प्रदेशाच्या उत्तर किनाऱ्यावर चढले. जमिनीवर येताच त्याच्या वाऱ्याचा जोर ओसरला, पण पाण्याचा साठा ओसरला नाही. तो पुढील दोन दिवसांत मराठवाड्यावर रिता झाला. म्हणजे या जिल्ह्यात घराला दोन ऋतूंची तयारी करावी लागते : उन्हाळ्याच्या अखेरीस वाऱ्याची आणि जून ते ऑक्टोबर या काळात पाण्याची. त्यांपैकी कोणती तयारी अधिक निकडीची, हे डोक्यावर छप्पर कोणते आहे यावर अवलंबून असते.

माळवदाचे घर

मराठवाड्याचे जुने घर माळवदाचे. पांढऱ्या मातीच्या किंवा दगडमातीच्या दोन-अडीच हात रुंदीच्या भिंती, लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर किलच, त्यावर पाला आणि सर्वांवर मातीचा जाड थर, अशी ही रचना. उन्हाळ्यात आत गारवा, हिवाळ्यात ऊब, वर धान्य वाळविण्यास आणि झोपण्यास मोकळी जागा. येथील हवेला इतके अनुरूप छप्पर क्वचितच सापडेल. वाऱ्याची भीती तर या घरास ठाऊकच नाही. दहा फूट लांब व दहा फूट रुंद खोलीवर एक फूट जाडीची माती असेल, तर तिचे वजन सुमारे साडेचार टन भरते. ते उचलील असा वारा मराठवाड्यात वाहत नाही.

माळवदाचा शत्रू पाणी हा होय. भिजलेली माती जड होते; वर सांगितलेल्या खोलीवर पावसात आणखी अर्धा-पाऊण टन भार सहज वाढतो. त्याच वेळी भिंतीत मुरलेले पाणी भिंतीची ताकद कमी करते आणि तुळईचे भिंतीत गेलेले टोक कुजविते. संततधार तीन-चार दिवस लागली, की गावोगावी जुन्या घरांची पडझड होते ती याच कारणाने. १ व २ सप्टेंबर २०२४ रोजी परभणी, हिंगोली व नांदेड जिल्ह्यांत झालेल्या अतिवृष्टीत हाच अनुभव आला. पाऊस थांबून ऊन पडल्यानंतरही दोन-तीन दिवस धोका टळलेला नसतो. भिंत आतून ओलीच असते आणि वाळताना ती आकसते.

मृगापूर्वी माळवदावर नवी माती टाकून ते चोपण्याची रीत जुनी आहे आणि ती योग्यही आहे; पण तिच्यात एक दोष शिरला. नवी माती टाकताना जुनी काढली जात नाही. पिढ्यान्‌पिढ्या थरावर थर चढत जातात आणि फूटभर जाडीचे माळवद दोन फुटांचे होते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे लातूर-उस्मानाबाद भागात झालेल्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे मृत्युमुखी पडली. मातीत रचलेल्या गोट्यांच्या भिंती आणि त्यांवरील हे वाढत गेलेले ओझे, ही त्या प्राणहानीची मोठी कारणे ठरली. म्हणून डागडुजी करताना जितकी माती चढवावयाची, तितकी जुनी आधी खरवडून उतरविणे अगत्याचे आहे. माळवदावर उगवलेले गवत मुळासकट काढावे, कारण मुळांच्या वाटेने पाणी आत उतरते. उतार पन्हळींकडे असावा आणि पन्हळी भिंतीपासून हातभर तरी पुढे काढाव्यात. पन्हळीचे पाणी भिंतीवरून ओघळत असेल, तर ती नसलेली बरी. उजेडासाठी ठेवलेल्या सवण्यावर झाकण हवे. तुळईचे टोक तपासण्याची गावाकडची पद्धत सोपी आहे : सळईचे टोक लाकडात दाबून पाहावयाचे. ते लोण्यात गेल्यासारखे आत गेले, तर त्या तुळईखाली खांबाचा टेकू दिल्यावाचून पावसाळ्यात त्या खणात झोपू नये.

शंभरपट हलके छप्पर

किल्लारीच्या भूकंपाने माळवदावरचा लोकांचा विश्वास उडाला. सागवानी तुळया महाग झाल्या, माळवद चोपणारे हातही कमी झाले. परिणामी गेल्या तीन दशकांत परभणी जिल्ह्यातील खेड्यांचे रूप पालटले. पन्हाळी पत्रे आले. प्रथम गोठ्यावर, मग ओसरीवर, मग सबंध घरावर. वर उल्लेखिलेल्या दहा बाय दहाच्या खोलीवर अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा टाकला, तर त्याचे वजन ४० ते ४५ किलो होते. माळवदाशी तुलना केली, तर हे छप्पर शंभरपट हलके. भूकंपाच्या दृष्टीने हा मोठाच लाभ झाला. परंतु घर बदलले तरी घरधन्याची सवय बदलली नाही. छप्पर वजनाने जागेवर राहते, ही माळवदाची शिकवण त्याने पत्र्यालाही लावली आणि पत्र्यावर दगड नेऊन ठेवले.

हे दगड पुरतात का, हे हिशेबाने पाहता येते. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला, की दाब चौपट होतो. शिवाय वारा छपरावरून वाहत जाताना त्याला खाली दाबत नाही, वर ओढतो. सपाट किंवा अल्प उताराच्या पत्र्यावर ही ओढ सर्वांत अधिक असते. ताशी ५० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यात, दारे-खिडक्या बंद असलेल्या दहा बाय दहाच्या खोलीचा पत्रा सुमारे ८५ ते ९० किलोच्या जोराने वर ओढला जातो. म्हणजे नुसत्या वजनावर पडलेला पत्रा तेथेच हलू लागतो. वेग ताशी ७० किलोमीटरच्या पुढे गेला, की ही ओढ १८० किलोच्या आसपास जाते, आणि १०० किलोमीटर वेगाला साडेतीनशे किलो होते. वाऱ्याच्या बाजूचे दार उघडे असेल किंवा तीन बाजूंनी भिंत व समोर मोकळी अशी पडवी असेल, तर आत कोंडलेला वारा पत्र्याला खालूनही ढकलतो आणि हे सर्व आकडे जवळजवळ दुप्पट होतात. पत्र्यावर सामान्यतः दहा-पंधरा किलोचे आठ-दहा दगड असतात. ते नेहमीच्या वाऱ्याला पुरतात, आणि त्यामुळेच फसवतात. भारतीय मानक संस्थेच्या वारामानाच्या नकाशात औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे इमारतींच्या आराखड्यासाठी ३९ मीटर प्रतिसेकंद, अर्थात ताशी सुमारे १४० किलोमीटर इतका मूळ वेग धरला आहे. असा वारा वर्षानुवर्षे येत नाही. पण घर वर्षानुवर्षांसाठीच बांधलेले असते.

न पुरलेला दगड नुसता निरुपयोगी ठरत नाही. पत्र्याची एक बाजू उचलली गेली, की त्यावरचे सारे दगड घरंगळत दुसऱ्या बाजूस येतात आणि पत्रा फाटून किंवा सरकून खोलीत पडतात. वाऱ्याच्या भीतीने आत धावलेली माणसे नेमकी त्याखाली असतात. बाजेवर झोपलेले मूल, चुलीपुढे बसलेली बाई, भिंतीच्या आडोशाला उभे असलेले वृद्ध यांना पत्र्यापेक्षा दगडाने अधिक इजा होते. वादळी पावसाच्या बळींच्या बातम्या बारकाईने वाचल्या, तर हे वारंवार आढळते. दहा किलोचा दगड नऊ-दहा फुटांवरून डोक्यात पडणे म्हणजे काय, हे निराळे सांगावयास नको.

पत्रा भिंतीला बांधावा

उपाय अवघड नाही. पत्रा आडव्या पाइपाला किंवा वाशाला, तो पाइप भिंतीला आणि भिंत पायाला बांधलेली असावी. साखळीचा एकही दुवा सैल नसावा. प्रत्यक्षात पहिला दुवा बरा असतो आणि दुसरा तुटलेला असतो. पत्रे पाइपांना हुकांनी जखडलेले असतात, पण पाइपांची टोके भिंतीच्या माथ्यावर दोन विटांच्या बेचक्यात सिमेंट लावून नुसती बसविलेली असतात. अशा घराचे छप्पर उडते तेव्हा सुटे पत्रे उडत नाहीत. पाइपांसह सबंध सांगाडाच उचलला जातो आणि तो अधिक विध्वंस करतो.

नवे बांधकाम असेल, तर भिंतीच्या माथ्यावर चहूबाजूंनी सळयांसह काँक्रीटचा पट्टा फिरवावा आणि त्यातच बोल्ट पुरून पाइप त्यांना कसावेत. हा पट्टा भूकंपातही भिंती एकत्र धरून ठेवतो. जुन्या घरासाठी गवंड्याचे एक दिवसाचे काम पुरते. प्रत्येक पाइपाच्या टोकाखाली, माथ्यापासून अडीच फूट खाली, भिंतीला आरपार छिद्र पाडावे. त्यातून जाड सळई किंवा लोखंडी पट्टी घालून ती दोन्ही बाजूंनी वर आणून पाइपाला आवळावी आणि छिद्र सिमेंटने बुजवावे. नऊ इंची विटांच्या भिंतीचा अडीच फूट उंचीचा व एक फूट लांबीचा भाग सुमारे शंभर किलो भरतो. पत्र्यावर नेऊन ठेवावयाचे वजन घरात आधीच उभे आहे. पत्रा भिंतीला बांधला, की भिंतच त्याचा दगड होते. मात्र हे सिमेंटात बांधलेल्या पक्क्या भिंतीबाबत खरे आहे. मातीत रचलेल्या भिंतीत असे छिद्र पाडू नये; तेथे खोलीच्या कोपऱ्यांत स्वतंत्र लोखंडी खांब काँक्रीटमध्ये पुरून छप्पर त्यांना बांधणे हिताचे.

हुकांच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. वाऱ्याची ओढ सबंध पत्र्यावर सारखी नसते. कडा, कोपरे आणि आढे येथे ती सर्वांत अधिक असते. म्हणून वळचणीला व आढ्याला दर फुटावर आणि मधल्या पाइपांवर दर दोन फुटांवर हुक असावा. एका खोलीला तीस-पस्तीस हुक लागतात. बहुतेक ठिकाणी हे प्रमाण नेमके उलटे दिसते : शिडीवरून हात पोहोचतो तेथे हुक, कोपऱ्याला काहीच नाही. हुकाखाली डांबरी वॉशर हवा. तो वाळून गेला, की पाणी झिरपते, छिद्राभोवती गंज चढतो आणि गंजलेल्या छिद्रातून हुक निघून येतो. भिंतीबाहेर काढलेली पत्र्याची वळचण दीड फुटापेक्षा अधिक असू नये. सावलीसाठी तीन-चार फूट पत्रा पुढे काढण्याची हौस सर्वत्र आहे. वाऱ्याच्या हाती दिलेली ती मूठच होय. पडवी हवीच असेल, तर तिचे पत्रे मुख्य छपरापासून वेगळे ठेवावेत, म्हणजे ती गेली तरी घर राहील.

ज्यांना यंदा एवढाही खर्च झेपण्यासारखा नाही, त्यांनी निदान सुटे दगड उतरवावेत. वाळू भरलेली पोती दोन-दोन एकत्र बांधून आढ्यावरून दोन्ही उतारांवर सोडावीत आणि ती खोलीच्या मध्यावर न येता भिंतीच्या रेषेवर येतील असे पाहावे. पत्र्यांवर आडवा लांब पाइप टाकून त्याची दोन्ही टोके जाड तारेने भिंतीतील किंवा जमिनीत पुरलेल्या खुंटीला आवळणे त्याहून बरे. उन्हाने पोती एका हंगामात विरतात, तेव्हा हा उपाय पुढील वर्षी पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो.

ढगांचा गडगडाट ऐकू येताच गच्चीवर किंवा माळवदावर धाव घेण्याची सवयही मोडली पाहिजे. वाळत घातलेल्या डाळी, मिरच्या आणि कपडे काढण्यासाठी माणसे वर जातात ती नेमकी त्या दहा मिनिटांत. उंच ढगातून थंड हवेचा लोंढा खाली आदळून चहूकडे पसरतो, तोच हा वारा. तो पावसाच्या आधी येतो आणि विजाही त्याच सुमारास पडतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले 'दामिनी' हे भ्रमणध्वनीवरील उपयोजन आपल्या परिसरातील विजांची पूर्वसूचना देते. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाकडून दर मंगळवारी व शुक्रवारी प्रसृत होणारी हवामान पत्रिका शेतकरी पेरणीसाठी वाचतात. तिच्यातील वाऱ्याचा अंदाज घरासाठीही वाचावा.

पत्रा आणि विजेची तार

पत्रा विजेचा उत्तम वाहक आहे, ही बाब घर बांधताना कोणाच्या लक्षात राहत नाही. खांबावरून आलेली तार पत्र्याच्या धारदार कडेवर टेकलेली असते. वाऱ्याने ती घासत राहते, वरचे आवरण कापले जाते आणि एखाद्या पावसाळी सकाळी सबंध छपरात प्रवाह उतरतो. त्या पत्र्याला किंवा त्याखालच्या पाइपाला कपडे वाळविण्याची लोखंडी तार बांधलेली असते. ओला कपडा टाकण्यासाठी हात वर गेला, की प्राणावर बेतते. आणि ओढावयास धावलेला दुसरा माणूसही सापडतो. तार पत्र्यावरून आणणे अटळ असेल, तर ती प्लास्टिकच्या नळीतून आणावी. कपड्यांसाठी सुतळी किंवा नायलॉनची दोरी वापरावी. एवढ्या क्षुल्लक खर्चात इतका मोठा धोका टाळणारा दुसरा उपाय नसेल. मीटरजवळ गळती-प्रवाह तोडणारे स्विच बसवून घ्यावे. अर्थिंगच्या खड्ड्याकडेही उन्हाळ्याच्या अखेरीस लक्ष द्यावे. भेगाळलेल्या कोरड्या काळ्या जमिनीत अर्थिंग नावापुरतेच उरते, म्हणून त्यात अधूनमधून पाणी ओतावे. वादळानंतर पडलेली तार बंद आहे असे गृहीत धरून कोणी ती बाजूस करू नये. महावितरणला कळवून वाट पाहावी.

भाड्याच्या खोल्या

परभणी शहरात आणि तालुक्यांच्या गावी भाड्याने राहणाऱ्यांची संख्या मोठी आहे. १९७२ साली स्थापन झालेले कृषी विद्यापीठ, महाविद्यालये, कचेऱ्या, बाजार समित्या, पूर्णा जंक्शनचे रेल्वे कर्मचारी, बदलीवर आलेले शिक्षक, शिक्षणासाठी खेड्यातून आलेली मुले या साऱ्यांमुळे खोल्यांना मागणी असते. तिची पूर्तता अनेकदा एकाच रीतीने होते : मालकाचे घर खाली स्लॅबचे आणि गच्चीवर चार इंची भिंती उभारून पत्र्याच्या दोन-तीन खोल्या. या खोल्यांना वाऱ्याचा मार अधिक, कारण त्या उंचावर आणि उघड्यावर असतात. चार इंची भिंतीचे वजन नऊ इंचीच्या निम्म्याहूनही कमी, त्यामुळे छप्पर धरून ठेवण्याची तिची शक्तीही तितकीच कमी. शेजारी रिकामी प्लास्टिकची टाकी, सौर बंब, डिश अँटेना हे सुटे सामान. रिकामी टाकी फुग्यासारखी उडते. ती निम्मी तरी भरलेली असावी. येथे पत्रा व दगड पडले, तर ते खालच्या रस्त्यावरच्या माणसालाही लागतात.

अशा खोलीत धोका एकाच्या डोक्यावर असतो आणि दुरुस्ती दुसऱ्याच्या हातात. भाडेकरूला वाटते, घर आपले नव्हे, आपण कशास खर्च करावा. मालकाला वाटते, राहणाऱ्याने तक्रार केली नाही, तेव्हा सर्व ठीकच असेल. कायदा या बाबतीत पुरेसा स्पष्ट आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. तो लागू असलेल्या क्षेत्रांत, भाडेकरूने करारात अन्यथा मान्य केले नसेल तर, जागा राहण्यायोग्य सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी कलम १४ अन्वये घरमालकावर आहे. भाडेकरूने किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही वाजवी मुदतीत दुरुस्ती झाली नाही, तर भाडेकरूला ती स्वतः करून घेता येते आणि तिचा खर्च भाड्यातून वळता करता येतो. मात्र एका वर्षात अशी वजावट त्या वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशाहून अधिक होता कामा नये. एप्रिलच्या मध्यापासून वारे सुरू होतात हे लक्षात घेता नोटीस मार्चमध्येच गेली पाहिजे. कलम ५५ अन्वये भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे आवश्यक असून ती जबाबदारीही मालकाचीच आहे. अकरा महिन्यांच्या परवानगीच्या करारावर राहणाऱ्यांची स्थिती थोडी निराळी असते. तेथे करारातील अटींना महत्त्व येते. म्हणून सही करण्यापूर्वीच छप्पर, विजेची जोडणी व गच्चीवरील सामान यांची पावसाळ्यापूर्वीची तपासणी कोणी करावयाची, हे एका ओळीत लिहून घेतलेले बरे.

अर्थात बहुसंख्य मालक व भाडेकरू नोटिशीच्या भाषेत बोलत नाहीत, आणि बोलू नयेही. विद्यार्थ्यांच्या खोल्या परीक्षा संपल्यावर मे महिन्यात रिकाम्या होतात. छपराचे काम करून घेण्यास याहून सोयीचा काळ नाही. पण याच महिन्यात खिडक्या उघड्या टाकून मुले गावी जातात, वारा आत शिरतो आणि जूनमध्ये परत येतात तो खोलीवर छप्पर नसते. जाताना खिडक्यांच्या कड्या लावणे, गच्चीच्या पाण्याची वाट मोकळी करणे आणि किल्ली मालकाकडे देणे एवढे भाडेकरूने करावे. हलणारा पत्रा किंवा गंजलेला हुक वेळीच दाखवून देणे हेही त्याचेच काम, कारण रात्री पत्र्याचा आवाज त्यालाच ऐकू येतो.

नदीकाठी

पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम व पूर्णा तालुक्यांतील गोदाकाठच्या गावांना आणि पूर्णा व दुधना नद्यांच्या काठच्या वस्त्यांना वरील तयारीखेरीज आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. गोदावरीचा पूर येथल्याच पावसाने येतो असे नाही. जायकवाडी व माजलगाव धरणांतून विसर्ग वाढला, की आकाश कोरडे असतानाही पाणी चढते. घरातील धान्य, कागदपत्रे व मीटर जुन्या पुराच्या खुणेच्या वर असावेत. ती खूण बहुतेक गावांत एखाद्या देवळाच्या पायरीवर किंवा पारावर जुन्या माणसांना ठाऊक असते. विसर्गाच्या सूचना तहसील कार्यालयाकडून ग्रामपंचायतीकडे येतात; रात्री-अपरात्री त्या वस्तीपर्यंत कोण पोहोचविणार, हे मेमध्येच ठरलेले असावे.

पडझड झाल्यास

नुकसान झाल्यावर पंचनामा होतो, तो तलाठ्यांकडून. आता त्यांस ग्राम महसूल अधिकारी असे पदनाम आहे. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२ ते २०२६ या कालावधीच्या निकषांनुसार सपाट प्रदेशात घर पूर्णतः नष्ट झाल्यास १ लाख २० हजार रुपये, पक्क्या घराच्या अंशतः पडझडीस ६,५०० रुपये, कच्च्या घराच्या अंशतः पडझडीस ४,००० रुपये, झोपडीस ८,००० रुपये आणि गोठ्यास ३,००० रुपये असे साहाय्य ठरविण्यात आले. अंशतः पडझड किमान १५ टक्के असावी लागते. मृताच्या वारसांसाठी ४ लाख रुपयांची तरतूद आहे. वळवाच्या वाऱ्यात एका खोलीचे पत्रे गेले, तर ते बहुधा अंशतः पडझडीत मोडते. ६,५०० रुपये आणि नव्याने घालावयाचे छप्पर यांतील अंतर प्रत्येकाने स्वतः मोजावे. अवेळी पाऊस, अतिवृष्टी व वीज पडणे यांचा राज्य शासनाने आपत्तींत समावेश केला आहे, त्यामुळे चक्रीवादळ नव्हते म्हणून अर्जच केला नाही, असे कोणी करू नये.

घराच्या पडझडीचे साहाय्य मालमत्तेच्या नोंदीवरून ठरते. घर पूर्णतः नष्ट झाल्यास कपडेलत्ते आणि भांडी यांसाठी प्रत्येकी २,५०० रुपयांची वेगळी तरतूद तेथे राहणाऱ्या कुटुंबासाठी आहे. नोंदणीकृत करार, विजेचे देयक किंवा शिधापत्रिका यांपैकी काही नसलेल्या भाडेकरूस आपण तेथे राहत होतो हे सिद्ध करणेच कठीण जाते. १ एप्रिल २०२१ पासून विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी देणे बंधनकारक आहे. तीत वादळ, पूर व वीज यांनी होणारे नुकसान अंतर्भूत असून भाडेकरूस केवळ घरातील सामानाचाही विमा उतरविता येतो. विमा असो वा शासकीय साहाय्य, एप्रिलमध्ये छपराची व घराच्या चारही बाजूंची छायाचित्रे काढून ठेवलेली असतील, तर पंचनाम्याच्या वेळी वाद उरत नाही. पडलेले पत्रे पंचनाम्यापूर्वी विकून टाकू नयेत. तातडीच्या मदतीसाठी जिल्हा नियंत्रण कक्षाचा दूरध्वनी क्रमांक १०७७ आहे.

राहिला प्रश्न वेळेचा. गुढीपाडव्यापासून अक्षय्य तृतीयेपर्यंतचा महिनाभराचा काळ या कामासाठी सर्वांत चांगला. गावातले गवंडी, सुतार आणि वेल्डिंगचे कारागीर बहुधा शेतकरीही असतात. रोहिणी लागल्या, की त्यांचे लक्ष नांगरट, बियाणे आणि खत यांकडे वळते. त्यानंतर छपराचे काम सांगावयास गेलेल्या माणसाला 'पेरणी झाल्यावर बघू' हेच उत्तर मिळते.